चोवीस रिकामे चौकोन

घड्याळसरांनी शेवटच्या बाकावर बसून खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि मांडीवर ठेवलं. हे नाव त्यांना कॉलेजनं त्या स्टॉपवॉचवरूनच दिलं होतं. समोर निरीक्षणाचा तक्ता. त्यात बारीक चौकोन, एक चौकोन म्हणजे दहा सेकंद. बाई बोलल्या तर 'बा', मुलं बोलली तर 'मु', कोणीच बोललं नाही तर चौकोन रिकामा.

भौतिकशास्त्राच्या बाईंचं हे तिसरं आणि शेवटचं निरीक्षण होतं. नोकरी कायम होणार की नाही, ते यावरच ठरणार होतं. आधीच्या दोन्ही तक्त्यांवर एकच शेरा होता: प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळ्या होतात. नव्या प्राध्यापकांच्या शिबिरात त्यांना यावर उपाय सांगितला होता. प्रश्न विचारा, तोंड मिटा आणि मनात दहापर्यंत मोजा. ऐकायला सोपं आहे. पण ज्याला बोलण्याचाच पगार मिळतो, त्याला दहा आकडे गप्प बसायला सांगून बघा.

बाईंची आई जाऊन एकोणीस दिवस झाले होते. चौथ्या दिवशी बाई कामावर हजर. किती खंबीर, असं सगळे म्हणाले. खंबीर वगैरे काही नव्हतं. त्यांना काही वाटतच नव्हतं, इतकंच.

टेबलावर हजेरीपट होता, पाण्याची बाटली होती आणि घराची किल्ली. बाईंनी हातातला खडू वर उडवला आणि झेलला.

"वर गेला, क्षणभर थांबला, खाली आला. तो थांबलेला असतो त्या क्षणी त्याच्यावर काही बल असतं का?"

आणि त्या मोजू लागल्या. एक, दोन, तीन.

दहा झाले. वीस झाले. मुलांनी वह्यांत माना खुपसल्या. कोणीतरी खोकलं, कोणाचं तरी पेन घरंगळत खाली पडलं, ते उचलायलाही कोणी वाकलं नाही. बाई फळ्याजवळ उभ्याच होत्या, नजर टेबलावरच्या किल्लीवर. घड्याळसरांनी एक चौकोन रिकामा सोडला, मग दुसरा, मग नववा. स्टॉपवॉच बंद पडलं की काय म्हणून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. चालू होतं. सर तिथल्या तिथे चुळबुळले.

"नसतं, मॅडम," पुढच्या बाकावरचा एक जण अखेर म्हणाला. "थांबलाय म्हणजे बल शून्य."

एरवी बाईंनी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. आज त्यांची नजर किल्लीवरून हललीच नाही.

"असं कसं?" मागच्या चष्मेवालीला राहवलं नाही. "बल नसतं तर तो वरच राहिला असता ना, टांगून ठेवल्यासारखा."

"पण थांबतो की नाही?"

"थांबू दे की! तो थांबला म्हणून पृथ्वी खेचायची थांबते का?"

मग जो गलका उडाला! कोणी खोडरबर वर फेकून बघितलं, कोणी फळ्यापाशी येऊन बाण काढले, दोघं तर हमरीतुमरीवर आले. घड्याळसर 'मु', 'मु', 'मु' लिहीत सुटले. तास संपला तेव्हा चष्मेवाली जाता जाता टेबलापाशी थांबली.

"बरोबर ना, मॅडम?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

वर्ग रिकामा झाला तसे सर तक्ता नाचवत पुढे आले. "सलग चोवीस चौकोन रिकामे! चार मिनिटं! मॅडम, मला आयुष्यात दोन मिनिटं गप्प बसता आलेलं नाही. पुढच्या शिबिरात हे सगळ्यांना करून दाखवा. जमवलंत कसं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. नोकरीचा सवाल होता. पण खोटं बोलायलाही थोडा उत्साह लागतो.

"मी काही जमवलं नाही, सर. दहापर्यंत मोजलं. मग कशाची वाट बघतेय तेच विसरले."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी तक्ता खाली ठेवला, रिकाम्या चौकोनांवरून एकदा बोट फिरवलं. मग पुढचे 'मु' पाहिले आणि 'कायम करावे' यापुढे खूण केली.

"मुलं बोलली, ते खरं आहे," ते म्हणाले. "मी तेवढंच लिहितो."

बाईंनी मान हलवली. या खुणेसाठी त्या दोन वर्षं झुरल्या होत्या. आत्ता आनंद व्हायला हवा, हे त्यांना कळत होतं.

तक्त्यात एकच ओळ उरली होती: शिक्षकाला कोणत्या साहाय्याची गरज आहे? ती ओळ सर नेहमी चालता चालता भरत.

"काही मदत हवीय का? नाही ना?" असं म्हणत त्यांनी 'काही नाही' लिहायला घेतलं, 'काही' लिहिलं, आणि त्यांचं पेन थांबलं.

त्यांनी वर पाहिलं. स्टॉपवॉच बंद करून खिशात टाकलं आणि ते पहिल्या बाकावर बसले. पुढच्या तासाची मुलं दारात जमली होती. सरांनी नुसता हात वर करून त्यांना तिथेच थोपवलं.

बाईंनी किल्ली उचलली. बराच वेळ ती तळहातावर तशीच होती.

"संध्याकाळी मी जिन्यात असतानाच आई दार उघडायची," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "आता कुलूप मी उघडते, सर."