हौदाचा दगड

"अगं, इकडून ये. पुढच्या चौकात पाण्याचा हौद आहे."

पॉम्पेईच्या दगडी रस्त्यावरून हे झपाझप पुढे चालले होते. पुण्यात सख्ख्या बहिणीकडे जाताना चार रिक्षावाल्यांना पत्ता विचारणारा हा माणूस, दोन हजार वर्षांपूर्वी राखेत गाडल्या गेलेल्या गावात कुणालाच काही विचारत नव्हता. माझ्या हातातला नकाशा उघडायची वेळच आली नाही.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"वाचलंय गं सगळं. रिटायर झाल्यावर दोघांनी पहिल्यांदा इथंच यायचं ठरलं होतं ना?"

हौद खरंच होता. तोटीला वाकून पाणी पिणाऱ्यांनी हात टेकून टेकून कडेच्या दगडाला खळगा पाडला होता. यांनी फोन काढला. "डावा हात त्या खळग्यात ठेव. मान जरा तिरकी कर, म्हणजे मागचा डोंगर येईल."

मी हात ठेवला, मान तिरकी केली आणि तशीच थिजले. शालनच्या, माझ्या बालमैत्रिणीच्या दिवाणखान्यात अगदी असाच फोटो आहे. हाच हौद, डावा हात, तिरकी मान, मागे डोंगर. पाच वर्षांपूर्वी ती इटलीला एकटीच गेली होती. फोटो कुणी काढला, असं मी तेव्हा सहज विचारलं होतं.

"होता कुणीतरी अनोळखी," ती म्हणाली होती.

"अगं, हस की जरा!" हे फोनआडून म्हणाले.

"शालन हसली होती तेवढंच हसू, की थोडं कमी?"