दौंडहून आलेला बॉयलर

रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा सुलक्षणाबाईंच्या हातात अजून कानस होती. त्यांनी ती घाईघाईनं शेडमध्ये नेऊन ठेवली आणि हात धुतले. बोटांवरचा वंगणाचा काळा डाग काही निघाला नाही.

रिक्षातून उतरलेल्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी कोण, हे विचारायची गरज नव्हती. सत्तरीचा उंच माणूस. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांवर धरलेलं. दौंडचे सोपानराव. रेल्वेत फिटर होते, वाफेच्या इंजिनांवर हात बसलेला.

सुलक्षणाबाईंचे यजमान सर्जेराव कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाले, घरच्या शेडमध्ये जुनं लेथ मशीन बसवलं आणि त्यांना वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेलं करायचा नाद लागला. शिरूरला रेल्वेच नाही, त्यामुळे गल्लीत सगळे हसायचे. आधी ते विकतचं इंजिन उघडून त्याची चाकं, धुराडं बदलून बघत. मग त्यांनी मनावर घेतलं, की दौंड-बारामतीच्या जुन्या नॅरोगेजवरचं इंजिन पहिल्या स्क्रूपासून आपल्या हातानं करायचं, आणि तेही खऱ्या वाफेवर पळणारं. पुण्याच्या एका प्रदर्शनात सोपानराव भेटले. बॉयलर सोपानरावांनी करायचा, बाकी सगळं सर्जेरावांनी, असं तिथंच ठरलं. पुढचं सगळं बोलणं फोनवर.

पहिलं चाक अर्धवट असताना सर्जेराव गेले. सकाळचा चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या.

तेराव्याला पाहुणे परतले. त्या संध्याकाळी सर्जेरावांच्या फोनवर मेसेज आला. 'राम राम सर्जेराव. तांब्याचा पाइप मिळाला. बॉयलरला लावतो आता.' सुलक्षणाबाई 'ते गेले' असं लिहायला बसल्या. दोन अक्षरं लिहिली आणि थांबल्या. घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. त्यांनी लिहिलं, 'बरं झालं.' मग घाबरून लगेच खाली लिहिलं, 'घशाचं ऑपरेशन झालंय. फोन करू नका. लिहीत जा.'

सोपानराव लिहीत गेले. रोज संध्याकाळी. चाकं कुठवर आली, असं त्यांनी विचारलं की सुलक्षणाबाईंना शेडमध्ये जाऊन बघावं लागे. बघता बघता त्यांनी चाकाला हात घातला. सोपानराव सगळं बैजवार लिहीत. लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, कसा बांधायचा, हत्यार किती पुढं घ्यायचं, धातूचा कीस डोळ्यात उडतो म्हणून चष्मा लावायचा. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला हे कशाला सांगायचं, असं सुलक्षणाबाईंना एकदा वाटलं. मग वाटलं, असतो एखादा बोलका. पहिली तीन चाकं वाया गेली. चौथं जमलं त्या दिवशी त्या जेवायच्या राहिल्या. रविवारी मुलीचा, अनुपमाचा फोन यायचा. एरवी दिवसभरात बोलणं असं ते या मेसेजांचंच.

परवा मेसेज आला, 'बॉयलर झाला. गुरुवारी सकाळच्या एसटीनं घेऊन येतो.' नको म्हणायला त्यांनी तीन कारणं लिहिली आणि तिन्ही पुसली. आज सकाळी सर्जेरावांचा हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवला. मग स्वतःचीच लाज वाटली आणि परत लावला.

"या भाऊ," त्या म्हणाल्या.

सोपानराव नेमके फोटोसमोरच्या खुर्चीत बसले. पाणी प्यायले. सुलक्षणाबाई त्यांच्या नजरेवर नजर ठेवून उभ्या होत्या. आता बघतील, आता विचारतील.

"शेड कुठं हाय, वहिनी?" सोपानराव म्हणाले.

शेडमध्ये त्यांनी टॉवेल सोडला. तांब्याचा बॉयलर, दीड वीत लांब, आरशासारखा घासलेला. टेबलावर इंजिनाचा सांगाडा उभा होता. सोपानरावांनी त्याची सहाही चाकं बोटानं फिरवून पाहिली. कुठं अडलं नाही. मग त्यांनी बॉयलर अलगद वर ठेवला आणि वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"बसला," ते म्हणाले आणि स्क्रू आवळायला लागले.

आता सांगितलंच पाहिजे होतं.

"भाऊ, मी तुम्हाला फसवलं. हे गेले. चौदा महिने झाले. ते सगळं मी लिहीत होते. आन् हे इंजिनपण..." त्यांनी वंगणाचा डाग पडलेली बोटं पुढं केली.

सोपानरावांचा हात थांबला नाही. "मला ठावं हाय," ते म्हणाले. "पेपरात फोटो आलता. दहाव्याला मी घाटावर आलतो. ओळखीचं कुणी न्हवतं. मागंच उभा राहिलो आन् तसाच माघारी गेलो."

"दहाव्याला? मग तो पाइपचा मेसेज?"

"पाइप त्यानंतर मिळाला. मंडळी जाऊन सहा वर्षं झाली माझी. घरात सांगायला कुणी न्हाई. म्हणलं, लिहून तरी टाकावं. उत्तर येईल असं काय वाटलं न्हवतं." त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आलं."

सुलक्षणाबाई लेथला टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मग चौदा महिने रोज 'राम राम सर्जेराव' असं कुणाला लिहीत होता?"

"तुम्हाला," सोपानराव म्हणाले. "नाव ठावं न्हवतं."