शिवणीच्या वाट्या

"बोल कायतरी," भगीरथ म्हणाला आणि त्यानं माईक बायकोच्या, बारकीच्या, हातात दिला.

नेहमीसारखाच तो ओरडून बोलला होता. ओटीवरच्या कोंबड्या दचकून पांगल्या. मुरबाडच्या कारखान्यात प्रेस मशीनवर त्याचे कान गेले, तेव्हापासून आपला आवाज केवढा आहे हे त्याला कळत नसे. कानात दिवसरात्र एकच शिट्टी वाजायची. त्या शिट्टीपलीकडे काही पोहोचवायचं तर बारकीला गळा ताणावा लागे. मीठ संपलं, हेसुद्धा ओरडून.

आज त्याच्या डोक्यावर साहेबाचा हेडफोन होता. बदली होऊन जाताना कारखान्यातल्या साहेबानं तो त्याला देऊन टाकला होता. जर्मनीचा, भारीतला, पण एका कानाची प्लॅस्टिकची वाटी फुटलेली. भगीरथनं दोन्ही वाट्या काढल्या आणि शिवणीचं लाकूड कोरायला घेतलं. ढोलकीला चालतं ते कानाला का चालणार नाय, असं तो म्हणायचा. पहिली जोडी जाड झाली, आवाज कोंदला. दुसरी तडकली. तिसरी त्यानं काचेच्या तुकड्यानं आतून तासत तासत उतरवली.

तरी टेपरेकॉर्डरला लावला की हेडफोन नुसता कुजबुजायचा. शहापूरचा रेडिओवाला कमळाकर म्हणाला, याला जोर पुरत नाही, अॅम्प्लिफायर याच्या जोडीचाच पाहिजे. त्यानं दिलेला पहिला घुमायचा. आज सकाळी भगीरथ दुसरा घेऊन आला, जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हवर चालणारा. व्हॉल्व्ह तापले, गाणं लागलं, आणि भगीरथनं दोन्ही वाट्या कानांवर दाबून धरल्या. "शिट्टी दबली," एवढंच म्हणाला. मग गाणं बंद करून त्यानं माईक जोडला.

"काय बोलू?" बारकीनं विचारलं. सवयीनं, ओरडून.

भगीरथनं डोकं मागे घेतलं आणि हसला. "हळू. सगळा येतंय."

हळू. बारकी माईककडे बघत राहिली.

कुडाच्या भिंतीपलीकडे काळूराम दोर वळत बसला होता. भगीरथचा धाकटा भाऊ. भगीरथचे कान गेल्यापासून बाजार, म्हसा गावच्या जत्रेतला बैलाचा सौदा, चार लोकांत बोलणं, सगळं तोच करी. लोक भगीरथसमोर उभे राहून काळूरामशी बोलत. कारवीचा कूड दोन्ही अंगांनी लिंपलेला होता, पण साधा खोकलासुद्धा आरपार जायचा.

बारकीकडे सांगायची एक गोष्ट होती. ती ओरडून सांगण्यातली नव्हती. एकदा शेतावर तिनं धीर केला, तर अर्धं वाक्य होतंय तोच पलीकडच्या बांधावर गवत कापणारी सकुबाई उठून उभी राहिली. "काय झाला गो?"

"इळा हरवलाय," बारकी म्हणाली होती. आणि लिहायला तिला येत नव्हतं.

तिनं माईक ओठांना टेकवला. नुसत्या श्वासात म्हणाली, "आयकू येतंय?"

भगीरथचा चेहरा बदलला. "येतंय," तो म्हणाला. "तुझा आवाज असाच होता. मी इसरलो होतो."

"मंग आयका. मधी बोलू नका."

त्यानं मान हलवली.

"मी पाणी भरायला गेले का भावोजी मागं मागं येतात. तुमी शहापूरला गेलात का दारातच बसून ऱ्हातात, मला निघू देत नाय. परवा गोठ्यात आले. कडी आतून लावली. म्हशीनं हिसका देऊन खुंटा उपटला म्हून मी सुटले. रोज तुमच्या शेजारी निजते आन सांगता येत नाय."

भगीरथची बोटं अॅम्प्लिफायरच्या बटणावर होती. ती बोलत होती तसं तो बटण थोडं थोडं पुढे फिरवत होता.

"कोण?" तो म्हणाला. "आपला काळूराम?"

त्याच्या परीनं तो हळूच बोलला होता. सारं घर दणाणलं. कुडापलीकडे दोर वळण्याचा आवाज थांबला.

बारकीनं त्याच्या तोंडावर हात दाबला. फार उशीर झाला होता. तिचे डोळे कुडाकडे गेले, आणि भगीरथनं ते पाहिलं. त्यानं तिचा हात तोंडावरून काढला, पण सोडला नाही.

"आयकतोय ना त्यो?" आता तो जाणूनच मोठ्यानं बोलला. "आयकू दे."

पलीकडे कुणी उठलं नाही. मागचं दारही वाजलं नाही. कुडाला अगदी चिकटून कुणीतरी श्वास घेत होतं. तो फक्त बारकीला ऐकू येत होता. पळायला तिला जागा नव्हती, आणि काळूरामलाही नव्हती.

"पुढं सांग," भगीरथ म्हणाला. "मी हा कानावरनं काढत नाय."

बारकीनं कुडाकडे तोंड केलं. गोठ्यातली गोष्ट तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, नाव घेऊन. या वेळी ती कुजबुजली नाही.

भगीरथनं बटण जरा मागे घेतलं आणि ऐकत राहिला.