बुवांचा पंखा

या, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो.

रंगनाथबुवा कीर्तनकार गेले, तरी त्यांचं मन घरच्या कॉम्प्युटरमध्ये नांदत होतं, बोलत होतं. पण यंत्र मधेच बंद पडून आपोआप सुरू होई आणि मरणानंतरचं सगळं बुवा विसरत. मग दिवसातून चारदा त्यांच्या पत्नीला, कुमुदताईंना, नव्यानं सांगावं लागे, "अहो, तुम्ही गेलात."

दुरुस्तीला आलेल्या केतकीनं कॅबिनेट उघडलं. पंखा काजळीनं माखला होता.

"काकू, इथे धूप लावता?"

"रोज! ते होते तेव्हा त्यांच्या दम्यामुळे लावता आला नाही. म्हटलं, आता तरी यथासांग पूजा करावी."

"आताही दमाच झालाय, काकू. पंखा अडकतो, यंत्र तापतं आणि रीस्टार्ट होतं."

केतकीनं पंखा स्वच्छ केला. कुमुदताईंनी धुपाटणं अंगणात नेलं आणि बुवांना पुन्हा एकदा ती बातमी सांगितली.

सकाळी त्या भीतभीतच खोलीत आल्या.

"मी गेलोय, ते ठाऊक आहे मला," बुवा म्हणाले. "आता बस. आख्यान ऐक."

कीर्तनाला बसाल, तेव्हा या कुमुदताईंची आठवण असू द्या आणि धूप बुवांपासून जरा लांबच लावा.