फेली घरातलीच

"फेलीच्या विम्याच्या दाव्याला हरकत घ्यायचा आपल्याला हक्क आहे," ग्रेग बुटाची नाडी बांधत म्हणाला. "मालक म्हणून. तिचा गुडघा आधीपासूनच कुरकुरत होता, एवढंच म्हण."

"तिच्या हातात मिलो होता," कोरिन म्हणाली. "जिन्यावरून पडताना तिने त्याला वर धरलं. त्याला साधं खरचटलंही नाही."

"मी कुठे नाही म्हणतोय? पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता वाढला, की मग बोल."

तो कामावर गेला. कोरिनने धाकटीला खांद्यावर टाकलं आणि फोन लावला.

ओफेलिया तीन वर्षं मिलोला सांभाळत होती. त्याला तिचं नाव घेता येईना, म्हणून ती सगळ्यांचीच फेली झाली.

"कसा आहे गुडघा?"

"असा फुगलाय, मिस कोरिन, की शेजारीण विचारते, पपई कुठल्या बाजारातून आणली." फेली हसली, मग आवाज खाली आला. "ऑपरेशन केलं तरच वाकेल म्हणतात. न वाकणाऱ्या गुडघ्याच्या बाईकडे कोण आपलं मूल देईल हो?"

"मी आहे ना! आज तो विम्याचा माणूस येतोय. काम करताना इजा झाली, तर उपचारांचा खर्च त्यांनीच द्यायचा असतो. मी सगळं नीट सांगते. तू बिनघोर राहा."

"तुम्ही सांगणार म्हटल्यावर मला कसली काळजी!"

विम्याचे मिस्टर डनफी वयस्कर आणि मऊ बोलणारे निघाले. फ्रिजवर चिकटवलेल्या मिलोच्या चित्राचं त्यांनी कौतुक केलं, लिंबू सरबत घेतलं.

"दावा मान्य नसेल, तर तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, मॅडम."

"नको मला तो हक्क," कोरिन म्हणाली. "तिला सगळं मिळालं पाहिजे."

"छान. मग त्यांच्याबद्दल सांगा. त्या रविवारी काय झालं?"

कोरिनने धाकटीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्या रविवारी तिचं डोकं ठणकत होतं. रात्रभर धाकटीने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. तिनेच फोन केला होता, "मिलो तुझं नाव घेऊन रडतोय गं, ये ना." फेली चर्चमधून तशीच आली, चांगल्या कपड्यांत. मिलोला तिच्या कडेवर देऊन कोरिन वर जरा आडवी झाली. जाग आली ती धडपडण्याच्या आवाजाने.

हे परक्या माणसाला कसं सांगायचं? सुटीच्या दिवशीही गरीब बाईला राबवणारी, आपण खुशाल झोपणारी आई! आणि त्याचा फेलीला उपयोग तरी काय? फेली किती मोलाची, ते त्यांना कळायला हवं.

"रविवारी तिला सुटीच असते," ती म्हणाली. "आम्ही तिला जेवायला बोलावलं होतं."

"पाहुण्या म्हणून?"

"पाहुणी कसली! घरातलीच. आम्ही तिला कधी नोकर मानलंच नाही."

"मग त्या दिवसाचे पैसे वगैरे?"

"छे हो! नुसतं विचारलं असतं तरी ती रुसली असती."

"मुलाला उचलून घ्यायला तुम्ही सांगितलं होतं?"

"तिला सांगावं लागतं का?" कोरिन म्हणाली. "मायेने उचलते ती. त्याची दुसरी आजीच आहे ती. एवढं तरी तुम्ही नक्की लिहा."

"शब्दन् शब्द लिहिलाय."

किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. धाकटीही खांद्यावर गाढ झोपली होती. फेलीसाठी आपण एवढं तरी केलं.

मिस्टर डनफींनी पेनाला टोपण लावलं आणि निघताना अदबीने मान लववली. "म्हणजे त्या दिवशी त्या कामावर नव्हत्याच. आभारी आहे, मॅडम. तुम्ही हरकत घेतली असती, तरी इतकी पक्की घेता आली नसती."