स्प्रिंगा की कॉइलओव्हर

"गाडीला आखूड स्प्रिंगा टाक आणि मोकळी कर, मावशी," झाहारी म्हणाला. "उद्या पहाटे घाट उतरायचाय."

"कोणी?" गॅरेजवाल्या दोन्काने विचारलं.

झाहारीने हनुवटीनेच मानोलकडे दाखवलं. मानोल त्याचा मावसभाऊ. गॅरेजच्या भिंतीला टेकून तो खाली बघत उभा होता. समोर लिफ्टवर त्याची लाल, दोन दारांची कूपे चढवलेली होती. समुद्रकाठच्या हॉटेलात दोन उन्हाळे भांडी घासून त्याने ती घेतली होती, आणि गेल्या आठवड्यापर्यंत ती आईला बाजारात नेण्यापलीकडे फारशी कुठे जात नव्हती. मग झाहारीने भरल्या कॅफेत बढाई मारली की माझा भाऊ पलीकडच्या गावच्या पोरांना घाट उतरायच्या शर्यतीत धूळ चारेल. शब्द गेला. आता तो मागे घ्यायचा कोणी?

हा घाट काय करतो ते दोन्काला माहीत होतं. अशाच शर्यतीत गेलेल्या राद्को नावाच्या पोराची गाडी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली अजून पडून होती. गेल्या शरदात क्रेन लावून ती दरीतून वर काढली, आणि ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून इथे आणली. राद्कोच्या घरून ती न्यायला कोणी आलं नाही. फोन करायचा दोन्काला धीर झाला नाही. आज वारा सुटला होता. ताडपत्री फडफडत होती. तिघांनाही ते ऐकू येत होतं आणि तिघंही ऐकू येत नसल्यासारखं करत होते.

"मला कॉइलओव्हर हवेत," मानोल म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

"डोकं फिरलंय का तुझं?" झाहारी उसळला. "स्प्रिंगा टाकल्या की गाडी दोन बोटं खाली येते, वळणात घट्ट धरते, काम संपलं. ते आटे फिरवायचं लचांड कशाला?"

"स्प्रिंगांवर गाडी जिथे बसेल तिथेच राहते. कॉइलओव्हरच्या शॉकला आटे असतात, ते फिरवून हवी तेवढी खाली नेता येते." मानोलने लिफ्टवरच्या गाडीकडे पाहिलं. "मला सगळ्यात खाली हवी."

त्याच्या आवाजात ना राग होता ना उत्साह. या वयाच्या पोरांची मस्ती दोन्काने खूप पाहिली होती. मस्तीला समजावता येतं. हे काहीतरी वेगळं होतं.

"मी हे काम करणार नाही," ती म्हणाली. "तुझी आई आणि मी एका बाकावर बसून शिकलो, मानोल. उद्या तिला काय तोंड दाखवू?"

"नको करूस," झाहारी हसला. "पुलापाशी तो दुसरा मेकॅनिक बसलाय ना, तो ग्राइंडरने जुन्याच स्प्रिंगा कापून देईल. बोलून ठेवलंय मी त्याच्याशी."

कापलेली स्प्रिंग भर वळणात जागेवरून निसटते. दोन्काने मान वर करून गाडीच्या पोटाकडे पाहिलं. घाटमाथ्यावर जायला रस्ता एकच, दगडाच्या खाणीवरून. खाणीच्या ट्रकांनी तिथल्या डांबराची पार चाळण केली होती, खोल चर पाडले होते. नुसत्या स्प्रिंगांवरची गाडी तिथून निघून जाईल. कॉइलओव्हर तळापर्यंत उतरवलेली गाडी मात्र पहिल्याच चरात पोट टेकून बसेल. माथा गाठलाच नाही तर उतरायचं कुठून?

"बरं," ती म्हणाली. "कॉइलओव्हर बसवते. संच आहे माझ्याकडे."

झाहारीने डोळे बारीक केले. "खाणीपाशी अडकणार नाही ना?"

"हळू घेतली तर निघेल." खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पाना शोधायच्या निमित्ताने तिने पाठ फिरवली.

दुपार कामातच गेली. झाहारी कंटाळला आणि समोरच्या दुकानात चीज भरलेली बानित्सा खायला गेला. मानोल मात्र हलला नाही. तो तिच्या शेजारी उकिडवा बसून एकेक बोल्ट हातात देत राहिला. नवे शॉक जागेवर बसले. दोन्का आट्यांवरची कडी फिरवत एकेका चाकावर गाडी उतरवू लागली. खाली, अजून खाली.

शेवटच्या चाकापाशी तिचा हात थांबला. उद्या सकाळचं चित्र तिच्यासमोर आलं. चरात रुतलेली लाल गाडी, भोवती मोबाइल धरून हसणारी पोरं, आणि मधोमध हा. जन्मभर गाव त्याला तेच ऐकवणार. वर तिने त्याला काही कळूही दिलं नव्हतं. आपल्यावर विश्वासून बसलेल्या पोराशी असं वागणं तिला झेपेना. तिने पाना खाली ठेवला.

"मानोल, ऐक. मी तुला फसवतेय. ही गाडी उद्या खाणीच्या पुढे जाणार नाही. लोक तुला हसतील, तू मला शिव्या देशील. पण घरी जाशील."

मानोलने दाराकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे झाहारी त्यांच्याकडे पाठ करून खात उभा होता. मानोलने पाना उचलून तिच्या हातात परत दिला.

"अजून थोडी खाली घे, मावशी," तो कुजबुजला. "काल खाणीपर्यंत चालत जाऊन मी तिथले चर मोजून आलोय."