निळं झाकण

"हात पुढे कर," सुधीरराव म्हणाले आणि त्यांनी गाण्यांचा तो छोटा प्लेयर मंदाकिनीबाईंच्या तळहातावर ठेवला.

काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. दुकानातून आणला तेव्हा गुळगुळीत होता. एका रांगेत पाच सारखी बटणं आणि वर चमकणारा पडदा. पडद्याचा मंदाकिनीबाईंना काही उपयोग नव्हता; काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. आणि बटणं बोटांना सगळी एकसारखीच लागत. गाणं थांबवायला जावं तर आवाज वाढायचा, आवाज कमी करावा तर दुसरंच गाणं सुरू व्हायचं.

सुधीररावांनी मानपाड्याच्या एका कारखान्यात जन्मभर विजेची पॅनेल बनवलेली. त्यांनी हे मनावर घेतलं. आधी बटणांवर गोंदाचे उंचवटे केले. मग जुन्या रिमोटची रबरी बटणं बसवली. दोन्ही वेळा बाई "छान झालंय हो" म्हणाल्या आणि प्लेयर खणात ठेवून दिला. मग एका दुपारी, हे झोपलेत असं समजून, त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या, "गाणी सोडली गं मी. प्रत्येक गाण्याला ह्यांना हाक मारायची, मग हे हातातलं काम टाकून येणार. नकोच ते."

सुधीररावांनी त्याच संध्याकाळी सगळी बटणं उपटून काढली.

आता तिथे एकच गोष्ट होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं, मग प्लेयर नाकाशी नेला.

"खोबरेलाचा वास येतोय."

"बाटलीचं झाकण आहे. निळं. कडेला खाचा आहेत ना, बोट घसरणार नाही. दाबलंस की सुरू, पुन्हा दाबलंस की बंद. उजवीकडे फिरवलं की पुढचं गाणं, डावीकडे फिरवलं की आधीचं. डावीकडे धरून ठेवलंस तर चालू गाणंच मागे सरकतं."

"आणि आवाज?"

"बाजूला चाक आहे बघ. अंगठ्याखाली."

बाईंनी झाकण दाबलं. तंबोरा वाजू लागला. सुधीरराव पुढे वाकले.

"आता उजवीकडे. हळू. अगं, इतकं नाही, टक् झालं की सोडायचं..." आणि बोलता बोलता त्यांचा हात तिच्या हातावर गेलाच. गाणं बंद पडलं.

"अहो," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर जाऊन या बघू."

"कशाला?"

"तुम्ही समोर असलात की माझी बोटं तुमचीच वाट बघत बसतात."

सुधीरराव चपला घालून खाली उतरले. ठाकुर्ली स्टेशनच्या रस्त्याला देवरामच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला. फोन हातातच होता. अडलं की ती फोन करणार, हे त्यांना माहीत होतं. फोन वाजला नाही. चाकाजवळच्या तारेचं सोल्डरिंग कच्चं राहिलं असेल का? की झाकणच निघून हातात आलं? ती पुन्हा "छान झालंय हो" म्हणणार आणि खण उघडणार. त्यांनीच फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. उरलेला चहा तसाच ठेवून ते निघाले. घरी पोचेपर्यंत ते जवळजवळ धावतच होते.

जिन्यातच गाणं ऐकू आलं. दारापाशी पोचल्यावर लक्षात आलं, चावी आतच राहिलीय. त्यांनी बेल दाबली. थांबून पुन्हा दाबली. आत तुताऱ्या-ढोलांचा असा काही कल्ला चालला होता, की बेलचा पत्ताच लागत नव्हता. त्यांनी निवडून दिलेल्या शास्त्रीय गाण्यांपैकी हे नव्हतं. प्लेयरच्या मेमरी कार्डात गाणी भरताना नात श्रिया म्हणाली होती, "आजोबा, थोडी आजीच्या आवडीची पण टाकते हं." हे जुन्या सिनेमातलं एक चवचाल नाचगाणं होतं. आणि त्या गाणाऱ्या बाईच्या आवाजावर आवाज चढवून मंदाकिनीबाई गात होत्या.

एका ओळीला गाणं थांबलं. सर्रकन मागे सरकलं. तीच ओळ पुन्हा आली. बाईंनी ती पुन्हा म्हटली आणि खळखळून हसल्या. गाणं परत मागे गेलं. सुधीरराव दाराला कान लावून उभे राहिले. एका ओळीसाठी गाणं असं मागे न्यायला तिने त्यांना एकदा सांगितलं असतं. दुसऱ्यांदा जन्मात सांगितलं नसतं.

मग त्यांना पावलं ऐकू आली. डोळे गेल्यापासून ती घरात भिंतीला तळवा लावून, घासत चालायची. ही पावलं घासत नव्हती. हॉलच्या मधोमध, ढोलाच्या ठोक्यावर पडत होती. बांगड्याही वाजत होत्या.

वरच्या मजल्यावरची क्षिप्रा हेल्मेट हातात घेऊन जिना चढत आली आणि थबकली.

"काका, चावी विसरलात? बेल वाजवू का मी?"

"वाजवून झाली. तिला ऐकू जात नाहीये."

क्षिप्राने दाराकडे कान केला. तिचे डोळे मोठे झाले.

"अय्या! काकू नाचतायत?"

"ते डिझाइनमध्ये नव्हतं," सुधीरराव म्हणाले आणि पायरीवर ऐसपैस बसले.